७,०५० रुपयांचा इन्शुरन्स आणि मामाची गाडी

(एपिसोडचं लिखित रूप. बोलताना अडखळलो ते काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज गाडीचा इन्शुरन्स. थांबा, लगेच पुढचा एपिसोड लावू नका. मलाही हा विषय कंटाळवाणाच वाटायचा. पण गेल्या काही एपिसोडमध्ये मी "पुरात गेलेल्या गाडीचं कधीतरी सांगतो" असं दोनदा म्हणून टाळलं, आणि तुमचे मेसेज थांबेनात. तर आज सांगून टाकतो. यात माझी स्वतःची चूक आहे, त्यामुळे टाळत होतो.

गोष्ट फेब्रुवारी २०२४ ची. माझा मामा सिंहगड रोडला राहतो, एकतानगरीत. त्याच्याकडे बाराशे सीसीची पेट्रोल हॅचबॅक, फेब्रुवारी २०२१ मध्ये घेतलेली. नवीन कार घेताना थर्ड पार्टी इन्शुरन्स एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, तो संपत आला होता. मामाचा फोन आला, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, जरा बघ की कुठे स्वस्त मिळतोय. शोरूमवाला चौदा हजार सहाशे सांगतोय."

मी ऑफिसच्या लंच ब्रेकमध्ये एका तुलना करणाऱ्या साइटवर गाडीचा नंबर टाकला, 'कमी किंमत आधी' असं सॉर्ट केलं आणि सगळ्यात वरचा कोट घेतला. ७,०५० रुपये. पीडीएफ व्हॉट्सॲपवर पाठवली. सगळं मिळून सात-आठ मिनिटं. निम्म्याहून कमी पैशात काम झालं म्हणून मामीने त्या रविवारी जेवायला बोलावलं. मी एकदम हिरो.

पुढे २५ जुलै २०२४. पुण्यातल्या मंडळींना ही तारीख आठवत असेल. रात्रभर पाऊस, त्यात खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी, आणि पहाटे एकतानगरीतल्या सोसायट्यांत नदी शिरली. मामाची गाडी खाली पार्किंगमध्ये. पाणी सीटच्या वर गेलं होतं.

पाणी उतरल्यावर मामा खाली गेला. गाडी चिखलाने भरलेली. आणि त्याने तेच केलं जे आपल्यापैकी दहातले नऊ जण करतील. चावी लावली आणि सेल्फ मारला. "बघू तरी चालू होते का." एक घुसमटलेला आवाज आला आणि बंद. त्याने परत एकदा मारला.

तो दुसरा सेल्फ जवळपास लाखभर रुपयांना पडला.

का ते सांगतो. इंजिनच्या सिलिंडरमध्ये पिस्टन वर येतो तेव्हा तिथे हवा आणि पेट्रोल दाबलं जातं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. आत पाणी असताना सेल्फ मारला की पिस्टन पाण्यावर जाऊन आदळतो आणि त्याला धरणारा कनेक्टिंग रॉड वाकतो. याला हायड्रोस्टॅटिक लॉक म्हणतात. इन्शुरन्स कंपनी अशा वेळी म्हणते की पुरामुळे झालेलं नुकसान आम्ही देऊ, पण इंजिन वाकलं ते तुम्ही ते चालू करायला गेलात म्हणून. ते 'परिणामी नुकसान', आणि ते साध्या पॉलिसीत बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं ॲड-ऑन असतं. मी घेतलेल्या ७,०५० च्या पॉलिसीत ते नव्हतं. खरं तर त्यात कुठलंच ॲड-ऑन नव्हतं.

आता बिल. आकडे मी सोयीसाठी गोल केलेत. एकूण १,८६,०००. त्यातलं इंजिनचं काम ९८,०००, ते पूर्ण नामंजूर. उरले ८८,०००. त्यात प्लास्टिक, रबर आणि बॅटरी मिळून ३०,०००. या वस्तूंवर नियमाने ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे मिळाले १५,०००. वायरिंग आणि इतर पार्ट २०,०००. गाडी तीन ते चार वर्षांच्या गटात, म्हणून २५ टक्के कापून १५,०००. ऑइल, कूलंट, ग्रीस असल्या गोष्टी ८,०००, त्या 'कन्झ्युमेबल' म्हणून शून्य. मजुरी ३०,०००, ती पूर्ण मिळाली. बेरीज ६०,०००.

संपलं नाही अजून. प्रत्येक क्लेममध्ये ठरावीक रक्कम आपण भरायची असते, तिला डिडक्टिबल म्हणतात. १५०० सीसीपर्यंतच्या कारला १,००० रुपये सक्तीचे. त्यावर मी घाईत, 'प्रीमियम आणखी कमी करा' असं लिहिलेल्या बटणावर टिचकी मारून ५,००० चं ऐच्छिक डिडक्टिबल घेऊन ठेवलं होतं. काही शे रुपये वाचवायला. ते ६,००० वजा झाले आणि मामाच्या हातात आले ५४,०००. खिशातून गेले १,३२,०००.

मामा एक शब्द बोलला नाही. मामी फक्त म्हणाली, "स्वस्तात मिळालेलं ते हेच का?" तेवढं पुरे होतं.

मग मी तोच कोट उघडून वाचला

जे फेब्रुवारीत करायला हवं होतं ते ऑगस्टमध्ये केलं. कोट म्हणजे एक आकडा नसतो, चार-पाच आकड्यांची बेरीज असते. त्यातला एक आकडा तुम्ही कुठूनही घ्या, सारखाच असतो. तो म्हणजे थर्ड पार्टी.

थर्ड पार्टी म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्या कुणाला इजा झाली, मृत्यू झाला, त्याच्या वस्तूचं नुकसान झालं तर त्याची भरपाई. मोटार वाहन कायद्याने ही सक्तीची आहे. नसेल तर पहिल्यांदा २,००० रुपये दंड, परत सापडलात तर ४,०००, आणि कायद्यात कैदेचीही तरतूद आहे. इजा आणि मृत्यूसाठी भरपाईला मर्यादा नाही, कोर्ट ठरवेल ती. मालमत्तेच्या नुकसानीला कारसाठी साडेसात लाखांची मर्यादा. आणि याचा दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासूनच्या दरानुसार १००० सीसीपर्यंतच्या कारला २,०९४, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यावर ७,८९७ रुपये, वर १८ टक्के जीएसटी.

आता हिशोब करा. मामाची गाडी मधल्या गटातली. ३,४१६ वर जीएसटी धरून ४,०३१ रुपये. म्हणजे माझ्या ७,०५० मधले ४,०३१ सगळ्या कंपन्यांकडे सारखेच. मी 'स्वस्त' म्हणून जे निवडलं ते उरलेल्या तीन हजारांतलं होतं. अख्ख्या गाडीचं संरक्षण त्या तीन हजारांत. तेव्हाच शंका यायला हवी होती.

हे तीन हजार म्हणजे 'ओन डॅमेज', आपल्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. याचा दर २००७ पासून कंपन्या स्वतः ठरवतात. म्हणून खरी तुलना फक्त इथे आहे, आणि सगळी गडबडही इथेच आहे. कारण प्रत्येक साइट हा आकडा लहान दिसावा म्हणून आतले इनपुट बदलते. आपण कोड टेस्ट करताना दोन फंक्शनना वेगवेगळे इनपुट देऊन "हे फास्ट आहे" म्हणतो का? मी अगदी तेच केलं होतं.

पहिला इनपुट, आयडीव्ही. म्हणजे इन्शुअर्ड डिक्लेअर्ड व्हॅल्यू. गाडी चोरीला गेली किंवा दुरुस्तीपलीकडे गेली तर जास्तीत जास्त मिळणारी रक्कम. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला की गाडी 'टोटल लॉस' धरतात. आयडीव्ही काढायची रीत ठरलेली आहे. तुमच्या मॉडेलची कंपनीची सध्याची किंमत घ्या आणि वयाप्रमाणे घसारा वजा करा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, मग ३०, ४० आणि पाचव्या वर्षापर्यंत ५०. त्यापुढे तुम्ही आणि कंपनी मिळून ठरवायचं.

मामाच्या मॉडेलची किंमत तेव्हा साधारण ८ लाख. तीन वर्षं पूर्ण, चौथं चालू, म्हणजे ४० टक्के वजा. यायला हवी होती ४,८०,०००. माझ्या स्वस्त कोटमध्ये होती ४,००,०००. साइटने स्लायडर आपणहून खाली ओढून ठेवला होता. प्रीमियम कमी दिसतो, आणि गाडी चोरीला गेली असती तर थेट ८०,००० चा फटका. उलटंही करू नका हं, म्हणजे उगाच आयडीव्ही वर ओढून ठेवायची. रिपेअरच्या बिलात त्याने एक रुपया जास्त मिळत नाही, प्रीमियम मात्र वाढतो.

दुसरा इनपुट, ते ऐच्छिक डिडक्टिबल. त्याबद्दल वर रडून झालंय. खरंच खूप कमी गाडी चालवत असाल आणि पाच-दहा हजार सहज बाजूला असतील तर घ्या, नाहीतर शून्य ठेवा.

तिसरा, एनसीबी. नो क्लेम बोनस. क्लेम न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५०. ही सूट फक्त ओन डॅमेजवर, पूर्ण प्रीमियमवर नाही. मामाची तीन वर्षं क्लेम नव्हता, म्हणून ३५. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. गाडी विकून दुसरी घेतलीत तर जुन्या कंपनीकडून एनसीबीचं पत्र मागून घ्या आणि नव्या गाडीला लावा. गाडी विकणाऱ्यांपैकी किती जण हे विसरतात, विचारू नका. पॉलिसी संपून ९० दिवसांत रिन्यू केली नाही तरी तो जातो.

आणि हो, साइटवर 'मागच्या वर्षी क्लेम केला होता का' असं विचारतात तिथे खोटं 'नाही' टिक करू नका. कंपन्या एकमेकांकडून तपासून घेतात, आणि ते बाहेर येतं नेमकं तुमचा क्लेम टेबलावर असताना.

एनसीबीमुळेच छोट्या ओरखड्यासाठी क्लेम करायच्या आधी दोन मिनिटं गणित करावं. ओन डॅमेज समजा सूट धरण्याआधी ६,३०० आहे आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के मिळणार होते, तर क्लेम केल्यावर एका वर्षातच २,८३५ रुपये गेले, आणि मग शिडी परत २० पासून चढायची. बंपरला अडीच हजार लागणार असतील तर खिशातून द्या.

चौथा, पीए कव्हर. मालक स्वतः चालवताना अपघातात गेला किंवा अपंग झाला तर १५ लाख. हे सक्तीचं आहे, पण तुमच्याकडे असं कव्हर आधीच असेल तर सोडता येतं. साइटवर "माझ्याकडे आहे" असा टिकबॉक्स असतो. मी तो टिक केला होता. मामाकडे असं काहीच नव्हतं. तीनशे-साडेतीनशे रुपयांसाठी. हे मामीला अजून सांगितलेलं नाही. मामी पॉडकास्ट ऐकत नाही, एवढंच माझं नशीब.

सगळे इनपुट सारखे केल्यावर

मग मी शीट केली. आयडीव्ही ४,८०,०००, ऐच्छिक डिडक्टिबल शून्य, एनसीबी ३५, पीए कव्हर आहे, ॲड-ऑनमध्ये झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट आणि कन्झ्युमेबल. फेब्रुवारीतल्या तारखेने, जुन्या स्क्रीनशॉटवरून आणि कंपन्यांना फोन करून आकडे भरले. लिस्टमध्ये सगळ्यात वर होती ती कंपनी आली ११,२०० ला. लिस्टमध्ये चौथ्या नंबरवर होती ती आली १०,७०० ला. आणि ज्या शोरूमवाल्याला आपण लुटारू समजत होतो त्याच्या १४,६०० मधून चावी बदलून देणं, टायर कव्हर, सामानाचं कव्हर असलं काढलं की तो आला १२,१०० वर.

म्हणजे वरवर दुप्पट वाटणारा फरक खरा चौदाशे रुपयांचा होता, आणि पहिला नंबरही बदलला. मी वाचवलेले ३,६५० रुपये म्हणजे स्वस्ताई नव्हती, ते मी न घेतलेलं कव्हर होतं. १०,७०० वाली पॉलिसी असती तर मामाच्या त्या बिलात, ॲड-ऑनच्या अटी पाळलेल्या धरून, खिशातून साधारण हजार रुपये गेले असते.

शोरूमबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. नवीन गाडी घेताना "इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागतो" असं कुणी म्हटलं तर ते खरं नाही. कुठूनही घेता येतो. पण शोरूमचा कोट घ्याच. कॅशलेससाठी त्यांचं वर्कशॉप तुमच्या कंपनीच्या यादीत आहे का हेही तिथेच कळतं, आणि दुसरीकडचा आकडा दाखवला की त्यांचा आकडा खाली येतो.

ॲड-ऑन कुठले घ्यायचे हे तुम्ही कुठे राहता आणि गाडी किती जुनी आहे यावर आहे. झीरो डेप म्हणजे पार्टवरचा तो ५० टक्के, २५ टक्के घसारा कापू नका असं सांगणं. गाडी पाच वर्षांच्या आत असेल तर माझ्या मते घ्याच. आजच्या गाड्यांत बंपरपासून हेडलाइटपर्यंत सगळं प्लास्टिकच आहे. फक्त वर्षातून किती क्लेमपर्यंत चालतं ते वाचा, काही कंपन्या दोनच देतात. इंजिन प्रोटेक्ट मुंबई, पुण्यातला नदीकाठ, चिपळूण, सांगली, कोल्हापूर इथल्यांनी विचार न करता घ्यावं. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्यांना मी काय वेगळं सांगणार. उंचावर राहणारा, पण रोज भुयारी मार्गातून ऑफिसला जाणारा असाल तरी घ्या. 'रिटर्न टू इन्व्हॉइस' म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा टोटल लॉस झाली तर आयडीव्हीऐवजी बिलाची किंमत. नव्या गाडीला, विशेषतः कर्ज असेल तर, उपयोगी. जुन्या गाडीला सहसा मिळत नाही. बाकी चावी, टायर वगैरे सोडून द्या.

तुमचे दोन प्रश्न

पिंपरीहून एकाने विचारलंय, सीएनजी किट बाहेरून बसवलंय, काही करावं लागतं का? हो. आधी आरटीओत आरसीवर नोंद, मग पॉलिसीवर नोंद. किटच्या किमतीप्रमाणे थोडा जास्त प्रीमियम लागतो. नोंद नसेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर डिकी उघडणार आणि विषय तिथेच अडकणार. तसंच खाजगी नंबरची गाडी भाड्याने फिरवत असाल तर अपघातानंतर ओन डॅमेज विसरा.

दुसरा प्रश्न जुन्या गाडीचा. मित्राकडून गाडी घेतली, आरसी नावावर झाली, इन्शुरन्स अजून मित्राच्या नावावर. थर्ड पार्टी भाग कायद्याने गाडीबरोबर येतो. ओन डॅमेज आपोआप येत नाही. १४ दिवसांत कंपनीला कळवून नाव बदलून घ्या. आणि मित्राचा एनसीबी तुम्हाला मिळणार नाही, त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतील.

गाडी पाण्यात असेल तर

सेल्फ मारू नका. एकदाही नाही. पाणी कुठपर्यंत चढलंय त्याचे फोटो, व्हिडिओ काढा, नंबरप्लेट दिसेल असे. जमत असेल तर बॅटरीची वायर काढा. कंपनीला फोन करून क्लेम नंबर घ्या, आणि गाडी ढकलून नाही, टो करूनच वर्कशॉपला न्या. सर्व्हेअर बघून जाईपर्यंत मेकॅनिकला बोनेटखाली हात लावू देऊ नका. इंजिन प्रोटेक्ट असलं तरी मुद्दाम पाण्यात गाडी चालू केल्याचं दिसलं तर कंपनी वाद घालू शकते.

क्लेम चुकीचा नाकारलाय असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. 'बीमा भरोसा' या सरकारी पोर्टलवरही तक्रार टाकता येते. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे त्यांची ऑफिसं आहेत, फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात, मात्र कंपनीच्या उत्तरानंतर वर्षभराच्या आत जा. आम्ही मामासाठी हा विचार केला होता. पण पॉलिसी वाचली तेव्हा अपवादाचं कलम तिथे स्पष्ट छापलेलं होतं, पान तीनवर. पीडीएफ फेब्रुवारीपासून माझ्याच फोनमध्ये पडून होती.

मामाचं पुढचं रिन्युअल आता तो स्वतः करतो. शीट मी दिली, आकडे तो भरतो. पहिल्या वर्षी एनसीबी शून्यावर आलेला बघून त्याने फोन केला होता, "अरे, हे पस्तीस कुठे गेले?" सांगितलं. "बरं," म्हणाला, "मग इंजिनवालं टाकतो, आणि ते पीए का काय ते, ते आपल्याकडे आहे का रे आधीपासून?"

"नाही मामा," म्हटलं, "ते घे."

तुमच्या कोटमध्ये काही अडलं तर स्क्रीनशॉट पाठवा, गाडीचा नंबर आणि फोन नंबर झाकून. पुढच्या एपिसोडला बाईकचा पाच वर्षांचा थर्ड पार्टी घेऊया. भेटू.